मुलीची ट्यूब आणि वडिलांचा ताप

प्रश्न : माझी मुलगी १२ वर्षांची आहे. तिच्या कपाळावर आणि मनगटांवर कोडाचे डाग आहेत, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन शाळेत जाण्यापूर्वी लावायला सांगितले होते. दिवाळीत माझा भाचा आला होता. तो जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करतो. ट्यूब पाहून तो म्हणाला की, याच झिंक ऑक्साइडचे नॅनोकण ते प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींवर टाकतात आणि दुसऱ्या दिवशी निम्म्याहून अधिक पेशी मेलेल्या असतात. तेव्हापासून मी ट्यूब बंद केली. मुलगी आता लांब बाह्या मनगटाखाली ओढून आणि ओढणी कपाळावर घेऊन शाळेत जाते, मैत्रिणी विचारतात आणि ती घरी येऊन रडते. मी केले ते बरोबर केले का?

ता. क. यजमानांचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. जी. आय. पाइपचे गोठे आणि पोल्ट्रीच्या शेड करतात. त्यांना अधूनमधून रात्री हुडहुडी भरून ताप येतो, बहुधा मंगळवारी, आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत उतरतो. सोमवारी वर्कशॉप बंद असते, त्यामुळे विश्रांती तर झालेली असते. तीनदा मलेरियाची तपासणी केली, काही निघाले नाही. याचा या विषयाशी संबंध नाही, सहज लिहिले.

— एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर :

ताई, स. न. वि. वि.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : ट्यूब पुन्हा सुरू करा. कोडाच्या डागांत त्वचेला रंग देणारे मेलॅनिन नसते, त्यामुळे ऊन तिथे लवकर भाजते आणि भोवतालची त्वचा रापली की डाग अधिकच उठून दिसतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितले ते योग्यच होते. तुमचा ता. क. मात्र मी तीनदा वाचला. त्यात तुम्ही सहज म्हणून लिहिलेल्या ओळींचा या विषयाशी अगदी जवळचा संबंध आहे, आणि माझ्या मते तुमच्या घरात काळजी करण्यासारखे जे आहे ते त्याच ओळींत आहे. मुलीच्या ट्यूबमध्ये जो पदार्थ आहे, तोच यजमानांच्या छातीत जातो आहे.

भाचा खोटे बोललेला नाही. त्याने जे पाहिले ते जगभरच्या प्रयोगशाळांत दिसते. ते कसे घडते हे समजले की ट्यूबची भीती आपोआप कमी होईल आणि तापाचे कोडेही सुटेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारण १ ते १०० नॅनोमीटर मापाच्या कणांना नॅनोकण म्हणतात. आपल्या रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते, यावरून अंदाज यावा. पदार्थ बारीक केल्याने त्याचे वजन बदलत नाही, पृष्ठभाग मात्र अफाट वाढतो. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर होतात. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सगळ्यांचा पृष्ठभाग मिळून ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास सहा गुंठे होतो. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडतात. डब्यातल्या भुकटीच्या रूपात सुस्त असलेला पदार्थ नॅनो रूपात चपळ होतो तो यामुळे.

आता भाच्याच्या प्रयोगशाळेत जाऊ. प्लॅस्टिकच्या तबकडीत शेंगदाण्याएवढाल्या खळग्या असतात, प्रत्येक खळगीच्या तळाला पेशींचा एकेरी थर वाढवलेला असतो आणि त्यावर गुलाबी पोषक द्रव असतो. त्या द्रवात झिंक ऑक्साइडचे, म्हणजे जस्त आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाचे, कण मिसळले की ते हळूहळू तळाशी बसतात, म्हणजे नेमके पेशींच्या अंगावर. पेशीचे पटल आत दुमडते, कणाला पुरचुंडीत बांधून आत घेते आणि ती पुरचुंडी लयकारिकेच्या हवाली करते. लयकारिका म्हणजे पेशीचे पचनघर. तिच्या आत आम्ल असते, आम्लता मोजणारा पीएच अंक साधारण ४.५ ते ५. लिंबू पिळल्यावर जस्ताच्या भांड्याचे जे होईल तेच इथे कणाचे होते : तो विरघळतो आणि जस्ताचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, एकदम मोकळे होतात. बाहेरून हे जस्त आयनरूपात आले असते तर पेशीने ते तोलूनमापून आत घेतले असते. इथे ते कणाच्या रूपात, पहारा चुकवून, थेट आत पोचते. लयकारिकेचे पटल फुटते, आयन पेशीद्रव्यात सांडतात, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचे काम बिघडते आणि ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू वाजवीपेक्षा अधिक तयार होऊ लागतात. त्यांना शमवणारा ग्लुटाथायोनचा साठा पेशीजवळ असतो, तो संपेपर्यंत पेशी तग धरते. जस्ताला पकडून ठेवणारे मेटॅलोथायोनिन नावाचे एक प्रथिनही ती घाईने तयार करू लागते. (या प्रथिनाचे नाव लक्षात ठेवा, यजमानांच्या मंगळवारी ते पुन्हा येणार आहे.) साठा संपला की पेशी शेजारच्यांना दाहाचे रासायनिक निरोप पाठवते आणि मरते. भाच्याने तिचा मृत्यू मोजला असेल तो बहुधा रंगाने : जिवंत पेशींची खळगी जांभळी होते, मेलेल्यांची फिकट राहते.

हा दोष ‘नॅनो’ या शब्दाचा मात्र नाही. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २००८ मध्ये माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर निरनिराळ्या धातूंच्या ऑक्साइडांचे नॅनोकण टाकून पाहिले. तांब्याचा ऑक्साइड सर्वांत घातक निघाला, झिंक ऑक्साइडनेही पेशी मेल्या, टायटॅनियम डायऑक्साइडचा परिणाम त्या मानाने सौम्य होता आणि लोहाच्या ऑक्साइडांनी फारसे काही केले नाही. सिरियमचा ऑक्साइड तर काही परिस्थितीत उलटे काम करतो, अतिक्रियाशील रेणू टिपून पेशीला सावरतो. लोहाचे आणखी सांगायचे तर, गरोदरपणात रक्त फार कमी झाले की सलाइनमधून जे लोह देतात, त्याचा गाभा लोहाच्या ऑक्सि-हायड्रॉक्साइडच्या नॅनो मापाच्या कणांचाच असतो, फक्त त्याला साखरेसारख्या पदार्थाचे वेष्टन असते. ते थेट शिरेत जाते, शरीरातल्या भक्षक पेशी तो कण गिळतात, पचवतात आणि लोह रक्तासाठी मोकळे करतात. कदाचित तुम्हीही ते घेतलेले असेल. तेव्हा कण किती बारीक आहे एवढ्यावरून निकाल लावता येत नाही. तो कशाचा आहे, पेशीच्या आत विरघळतो का, आणि मुळात जिवंत पेशीपर्यंत कोणत्या वाटेने व किती पोचतो, हे पाहावे लागते.

मुलीच्या ट्यूबचा प्रश्न या शेवटच्या मुद्द्यावर सुटतो. भाच्याच्या खळगीत पेशी उघड्या होत्या. मुलीच्या मनगटावर त्या उघड्या नाहीत. त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, चपट्या, एकमेकींत घट्ट बसलेल्या पेशींचा असतो. बहुतेक अंगावर तो १० ते २० मायक्रोमीटर (एक मायक्रोमीटर म्हणजे हजार नॅनोमीटर) जाड असतो, म्हणजे नॅनोकणाच्या मापाने पाहिले तर गावकुसाची भिंतच. मेलेल्या पेशीला पटल दुमडून काही आत घेता येत नाही. कण त्या थरावर आणि केसांच्या मुळाशी असलेल्या खाचांत बसून राहतात आणि अंघोळीबरोबर किंवा मळाबरोबर निघून जातात. कोडात रंगपेशी गेलेल्या असतात, हा मेलेला थर जागेवर असतो, त्यामुळे डागांवरही हेच लागू आहे.

याचा एक सुंदर पडताळा ऑस्ट्रेलियात झाला. २० स्वयंसेवकांनी समुद्रकिनाऱ्यावर पाच दिवस, दिवसातून दोनदा, झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन लावले. त्यातल्या जस्तात ६८ भाराचा समस्थानिक, म्हणजे जस्ताचाच पण वेगळ्या वजनाचा अणू, मुद्दाम वाढवलेला होता, म्हणजे रक्तात जस्त सापडलेच तर ते जेवणातले की ट्यूबमधले हे ओळखता यावे. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खुणेचे जस्त रक्तात आणि लघवीत सापडले खरे, पण रक्तात मुळातच असलेल्या जस्ताच्या सुमारे हजाराव्या भागाइतके. आपल्या शरीरात दोन-तीन ग्रॅम जस्त नेहमीच असते, ज्वारी-डाळींतून रोज काही मिलिग्रॅम येते आणि ते यावेच लागते. त्या हिशेबात ट्यूबची भर नगण्य आहे. युरोपीय संघाच्या ग्राहक सुरक्षेसाठीच्या वैज्ञानिक समितीने २०१२ मध्ये त्वचेवर लावायच्या सनस्क्रीनमध्ये २५ टक्क्यांपर्यंत नॅनो झिंक ऑक्साइड सुरक्षित मानले, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ च्या प्रस्तावात ज्या दोनच सनस्क्रीन घटकांना सुरक्षित व परिणामकारक ठरवले त्यांतला एक झिंक ऑक्साइड आहे.

त्याच युरोपीय समितीने एक अट मात्र घातली : श्वासावाटे आत जाईल अशा रूपात तो नको. म्हणून मुलीसाठी क्रीम किंवा लोशनच घ्या, स्प्रे किंवा पफने उडवायची भुकटी घेऊ नका. फुटलेल्या किंवा चिघळलेल्या जागी लावू नका. आणि ट्यूबने चेहरा पांढरट दिसतो अशी तिची तक्रार असेल, तर तिला सांगा की कण मोठे असले की तसे होते, बारीक कणांची क्रीम त्वचेवर दिसत नाही. मैत्रिणींच्या प्रश्नांनी रडणाऱ्या मुलीच्या बाबतीत हा मुद्दा मला तरी लहान वाटत नाही.

आता यजमानांकडे येतो.

जी. आय. पाइप म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. लोखंड वितळायला १५०० अंश लागतात. म्हणजे पाइपला वेल्डिंगचा जोड लागण्यापूर्वीच तिथले जस्त उकळून वाफ झालेले असते. ही वाफ वर येताच हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते आणि झिंक ऑक्साइडचा पांढरा धूर होतो. यजमानांना विचारा, जोड मारताना पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तंतू हवेत तरंगतात का. ते ‘हो’ म्हणतील. डोळ्यांना दिसतात ते तंतू म्हणजे अनेक कणांचे पुंजके, त्यांतला एकेक कण शंभराहून कमी नॅनोमीटरचा, नुकताच जन्मलेला, कसलेही वेष्टन नसलेला. भाच्याची प्रयोगशाळा जे बाटलीत विकत आणते, ते यजमान स्वतःच्या नाकाखाली तयार करतात.

आणि इथे मेलेल्या पेशींची भिंत नाही. फुप्फुसातल्या वायुकोशाची भिंत अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास असते आणि ती जिवंत असते. तिच्यावर भक्षक पेशी फिरत असतात, त्यांचे कामच आलेला कण गिळणे. गिळला की पुढे तेच : लयकारिका, आम्ल, जस्ताचे आयन, दाहाचे निरोप. फरक एवढाच की खळगीत ते निरोप ऐकायला कोणी नव्हते, शरीरात आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फुप्फुसाकडे धावतात आणि निरोप मेंदूपर्यंत जाऊन थंडी वाजून ताप भरतो. या तापाला धातूच्या धुराचा ताप म्हणतात. धूर घेतल्यावर साधारण ४ ते १० तासांनी तो येतो : तोंडाला धातूची गोडसर चव, घसा कोरडा, हुडहुडी, अंग ठेचल्यासारखे, आणि एक-दोन दिवसांत आपोआप उतार. त्या वेळी रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, त्यामुळे जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविके सुरू होतात, आणि ताप उतरायचाच असतो, तेव्हा श्रेय गोळ्यांना जाते.

वाराचे कोडेही यातच सुटते. रोज थोडा धूर घेणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय होते आणि ताप येत नाही. याचे एक कारण ते मघाचे मेटॅलोथायोनिन असावे असे मानतात : पेशी ते साठवून ठेवतात आणि आलेले जस्त पकडतात. सुट्टीच्या दिवसात ही तयारी ओसरते आणि सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी शरीर बेसावध सापडते. परदेशात सुट्टी रविवारी, म्हणून या तापाला ‘सोमवारचा ताप’ असे नाव पडले. तुमच्याकडे सुट्टी सोमवारी, म्हणून तो मंगळवारी येतो आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. मलेरियाचा डास वार पाहून चावत नाही.

किती धुराने ताप येतो? जर्मनीत बोखुम येथील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ निरोगी स्वयंसेवकांना चार तास नॅनो झिंक ऑक्साइडमिश्रित हवा दिली. घनमीटरला १ मिलिग्रॅम आणि त्यापुढे फ्लूसारखी लक्षणे व रक्तात दाहाच्या खुणा दिसू लागल्या. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत आठ तासांसाठी जी मर्यादा आहे ती ५ मिलिग्रॅमची. म्हणजे नियमात बसणाऱ्या हवेतही ताप येऊ शकतो, आणि पावसाळ्यात शटर अर्धे ओढून पाइपावर वाकून जोड मारणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याजवळ काय असेल, ते कोणी मोजलेले नसते.

हा ताप स्वतः सहसा इजा ठेवून जात नाही. मला काळजी वाटते ती त्याने दिलेल्या इशाऱ्याची : फुप्फुसापर्यंत धूर मोठ्या प्रमाणात पोचतो आहे, आणि त्या धुरात एकटे जस्त नसते, लोह, मँगॅनीज आणि इतरही बरेच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर २०१७ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला. अंगाला सवय झाली आणि ताप येईनासा झाला, तर धूर थांबला असे समजू नये. ताप थांबतो, धूर चालूच राहतो.

करायचे काय? जोड मारायच्या जागेपासून दोन्ही बाजूंना दोनेक इंच मुलामा ग्राइंडरने आधी घासून काढायचा आणि जोड झाल्यावर त्यावर जस्ताचा रंग मारायचा. याला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही, हे मला माहीत आहे. तरीही सर्वाधिक फरक यानेच पडतो. काम शक्यतो उघड्यावर किंवा वाऱ्याच्या झोताला आडवे उभे राहून करायचे. पाठीमागे पंखा लावला तर धूर चेहऱ्यासमोर घोटाळतो, पंखा बाजूने हवा. वर्कशॉपमधल्या टेबलाशी धूर खेचणारी नळी बसवता आली तर फारच उत्तम. तोंडाला बांधलेला पंचा किंवा गमछा ठिणगी अडवतो, हे कण अडवत नाही. एफएफपी-२ (हा भारतीय मानकातला प्रकार) किंवा एन-९५ मास्क घ्यावा, वेल्डिंगच्या ढालीखाली बसेल असा, आणि तो नाकाशी घट्ट बसायला दाढी आड येते हेही सांगून ठेवतो. घासताना धूळ उडते, तेव्हाही मास्क हवाच.

वर्कशॉपात दूध आणि गूळ देण्याची पद्धत आपल्याकडे अनेक ठिकाणी आहे. दूध पोटात जाते, धूर फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. लखनऊच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्राने १९९४ मध्ये उंदरांवर गुळाचा प्रयोग करून कोळशाच्या व सिलिकाच्या धुळीपासून थोडे संरक्षण दिसल्याचे नोंदवले होते, त्यावरून वेल्डिंगच्या धुरासाठी निष्कर्ष काढता येत नाही. कामगारांना दूध-गूळ जरूर द्या, भूक भागते. फक्त मास्कचा खर्च त्यातून वजा करू नका.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. पिवळसर झाक असलेला मुलामा कधी कधी कॅडमियमचा असतो. त्याच्या धुराचा त्रास सुरुवातीला याच तापासारखा दिसतो आणि पुढे फुप्फुसात पाणी भरून जीव जाऊ शकतो, तेव्हा भंगारातून आलेले, कशाचा मुलामा आहे ते ठाऊक नसलेले नटबोल्ट किंवा पट्ट्या वेल्ड करायच्याच नाहीत. दुसरे, ताप ४८ तासांत उतरला नाही, दम लागला किंवा छाती भरून आली, तर ‘नेहमीचाच आहे’ म्हणून घरी थांबायचे नाही. पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिसही हुडहुडीनेच येतात, आणि वेल्डरला ते होत नाहीत असे नाही. एरवीही एकदा छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसाची फुंकून करायची चाचणी करून घ्यावी, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करायला काही हाताशी असेल.

डॉक्टरांनी तीनदा मलेरिया शोधला यात त्यांचा दोष मानू नका, त्यांना धंदा कोणी सांगितला नसावा. भाच्याला एक काम सांगा, त्याला आवडेल : पुढचे दोन महिने मामांची एक वही ठेवायची, तारीख, कोणता पाइप, किती तास, शटर उघडे की बंद, ताप किती वाजता. आणि यजमानांच्या पाकिटात पुढील चिठ्ठी लिहून ठेवा, दवाखान्यात पहिल्यांदा तीच दाखवायची :

‘मी जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडाचे वेल्डिंग करतो. आज ___ तास केले. सुट्टीनंतरचा पहिला दिवस होता / नव्हता. थंडी ___ वाजता वाजली. तोंडाला गोडसर चव होती / नव्हती. दम लागतो / लागत नाही.’